रविवारचा फोन

अभय अमेरिकेला परतताना येरवड्यात एकट्या राहणाऱ्या आईसाठी, शालनताईंसाठी, लिनक्सचा कॉम्प्युटर ठेवून गेला, पण त्यातलं इंटरनेट जोडणारं नेटवर्क कार्ड चालेना. दर रविवारी तो फोनवरून तासभर कमांड सांगायचा आणि त्या निवृत्त मुख्याध्यापिका विद्यार्थिनीसारख्या वहीत उतरवून घ्यायच्या. मध्येच तो विचारायचा, "आई, जेवलीस का?" गुरुवारी दुपारी वही तपासताना त्यांना स्वतःचीच चूक सापडली, शून्याऐवजी त्या इंग्रजी 'ओ' टाइप करत होत्या. ती सुधारताच हिरवा दिवा लागला, कार्ड चाललं! त्या हरखल्या. मग अभयचं बोलणं आठवलं, "कार्ड चाललं की फोनची कटकट नको, मेलच करू." रविवारी फोन वाजला. पंचशील पाळणाऱ्या शालनताई कधी खोटं बोलत नसत. त्यांनी कार्डाची वायर उपटली आणि मगच रिसीव्हर उचलला. "नाही रे, अजून बंदच आहे. सांग, काय लिहू?"