ॲग्नेसचा साचा

"नाव सांग."

"वार्तुही ताशजियान."

"नटीचं नाही गं, भूमिकेचं." म्हातारा एमेट शिडीवर चढता चढता म्हणाला. "इथं माणसांच्या नावानं काही ठेवत नाही आम्ही."

नाइरीने हातातल्या किल्ल्या पुन्हा वाजवल्या. बरबँकमधल्या त्या कारखान्यात छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरची डोकी होती. पांढरी, डोळे मिटलेली. प्रत्येकाच्या कपाळावर पेन्सिलीने लिहिलेलं. चेटकीण. म्हातारा तीन. जळालेला सैनिक. खऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचे साचे घेऊन एमेट त्यांवरून सिनेमासाठी रबराची नाकं आणि हनुवट्या करायचा. त्याने पुढे सरकवलेल्या स्टुलावर नाइरी अजून टेकलीही नव्हती.

"ॲग्नेस," ती म्हणाली. ते नाव तोंडात आलं की तिला अजूनही राग यायचा.

आईला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. उद्या चर्चमध्ये चाळिसाव्याची प्रार्थना होती आणि पाद्रीबाबांना फोटो हवा होता. घरात तिचे फोटो शेकड्यांनी होते, पण सगळे भूमिकांमधले. आई एकातही नव्हती. तिचं नाक मोठं, मधेच वाकलेलं. जबडा रुंद. एक पापणी जराशी उतरलेली. या शहरात त्या चेहऱ्याला बत्तीस वर्षं काम मिळालं, पण नाव असलेली भूमिका एकदाही मिळाली नाही. नर्स. कजाग शेजारीण. दुसरी चेटकीण. तळ्यातून काढलेली बाई. घरी कुणी साधा फोटो काढायला लागलं, की ती तोंडावर हात धरायची. "चेटकिणीला सुट्टी आहे आज," म्हणायची.

दफनाच्या दिवशी नाइरीने एका मालिकेतल्या तुरुंगाच्या जमादारणीचा फोटो ठेवला होता. टोपी तेवढी कापली होती. मावशी शवपेटीसमोर उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "ही जमादारीण कोण? माझी बहीण कुठं ठेवलीस?"

तेव्हापासून नाइरीला धड झोप नव्हती. आईचा रंग न लावलेला, टोपी न घातलेला चेहरा जगात एकाच ठिकाणी होता, आणि तिथं पाय ठेवायचा नाही असं तिने बारा वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी एका दुपारी आई घरी आली ती केसांच्या मुळाशी पांढरा चुरा घेऊन. हातात पाखलवा मिठाईचा मोठा खोका. तिने ठेवणीतले कॉफीचे पेले काढले. मावशीला फोन करून बोलावून घेतलं. ओट्यापासून टेबलापर्यंत ती लंगडत होती.

"पाय लचकला का?" नाइरीने विचारलं.

"जरासा," आई म्हणाली, आणि उगाचच आणखी एक फेरी मारून आली. "चेहऱ्याचा साचा देऊन आले. बाकीचं नंतर. आधी खा."

महिन्याभराने पेपरात आलं. ॲग्नेस नावाच्या खाणावळवालीवर सिनेमा. मुख्य भूमिकेत एक देखणी नटी. ती रोज चार तास खुर्चीत बसून दुसऱ्याच बाईचं नाक आणि जबडा लावून घेणार होती. लोक तिला धाडसी म्हणाले.

"तू तुझा चेहरा विकलास?" नाइरी ओरडली होती. "आणि वर पाखलवा वाटलास?"

आई भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "मला ठाऊकच होतं की. साचा द्यायलाच बोलावलं होतं मला. अर्ध्या दिवसाचं काम."

नाइरीने तो सिनेमा एकटीने जाऊन पाहिला. पडद्यावर आईचा चेहरा लंगडत लंगडत जिना उतरला. शेजारची बाई हुंदके देत होती. नाइरी मधेच उठून बाहेर आली. त्यानंतर मायलेकी कामाबद्दल कधी बोलल्या नाहीत.

"सापडलं." एमेट एक डोकं पोटाशी धरून खाली उतरला. फुंकर मारून त्याने धूळ उडवली. "खिडकीपाशी ने. तिथं उजेड चांगला आहे."

तिने ते खिडकीत ठेवलं. किल्ल्या वाजवतच दुसऱ्या हाताने फोन काढला. नाक तेच होतं. पापणीही तीच. मग तिला ओठांचे कोपरे दिसले.

"ही हसतेय."

"अगं, काय वैताग आणला होता तिनं!" एमेट म्हणाला. "प्लास्टर घट्ट होईपर्यंत वीस मिनिटं चेहरा हलता कामा नये. मी तीनदा ओरडलो, वार्तुही, दगड हो, दगड! पण आतून हसूच फुटत होतं तिला. सिनेमासाठी रबर ओतलं तेव्हा ते मी घासून काढलं. ॲग्नेसला हसू चालणार नव्हतं. मूळ साच्यात मात्र राहिलं बघ."

"हसण्यासारखं काय होतं त्यात?"

एमेटने फडक्याला हात पुसले. पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"चाचणीला दोनदा बोलावलं होतं तिला. ॲग्नेससारखं लंगडत चालून दाखवलं होतं, वाचून दाखवलं होतं. नुसता साचा हवाय म्हटलं असतं, तर ती बसली नसती. म्हणून निर्मात्यांनी मला सांगितलं आणि मी तिला सांगितलं. प्लास्टर लावायच्या जरा आधी." तो साच्याकडे पाहत नव्हता. "म्हटलं, ॲग्नेस तूच करतेयस."

किल्ल्यांचा आवाज थांबला.

त्या दुपारी आईचा पाय लचकला नव्हता.