चाळिसाव्या सुईनंतर

नितेशचे दुसरे लग्न तीन आठवड्यांवर आले होते, आणि फोटोत आपली टाळू दिसणार, या एकाच चिंतेने त्याला ग्रासले होते. अंधेरीच्या दवाखान्यात डॉक्टर मॉनिका यांनी त्याचेच रक्त काढून यंत्रात घुसळले आणि केस पुन्हा उगवावेत म्हणून वर आलेला पिवळसर द्रव सुईने त्याच्या डोक्यात टोचू लागल्या.

"आमच्या पहिलीचे, अक्षताचे, किमोत सगळे केस गेले," तो हसत म्हणाला. "तोंडावर सांगितलं तिला, असली टकली घेऊन मी चारचौघांत फिरणार नाही. दिली सोडून."

"आता कुठे असतात त्या?"

"वारली ना, दिवाळीच्या आधीच."

चाळिसावी सुई देऊन डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. "झालं. उठा."

"झालं काय? टोचताय ना अजून!"

पण डॉक्टर तर समोर, बेसिनपाशी उभ्या होत्या.

टोचणी सावकाश, जागा निवडीत पुढे सरकत होती, आणि प्रत्येक टोचणीसरशी केसांचा एकेक झुबका त्याच्या मांडीवर गळत होता. त्याने दोन्ही हातांनी डोके झाकले. हातांखाली ती चालूच राहिली. टाळू गुळगुळीत झाल्यावर ती कपाळावरून खाली उतरली आणि भुवयाही गळाल्या.

अक्षताचे केस याच क्रमाने गेले होते. भुवयांनंतर काय गेले, हे आठवताच नितेशने डोळे घट्ट मिटून घेतले.

टोचणी थांबली. मग त्याची डावी पापणी कोणीतरी अगदी हळुवारपणे वर उचलली.