दगड काढल्यावर

"आई, माझा प्रयोग बघ ना!" लेकीने टॅब माझ्या नाकासमोर धरला. अंग नुसतं आंबून गेलं होतं, तरी बघितलं. खेळातल्या मैदानात तिने मधोमध एक मोठा दगड ठेवला होता आणि मेंढ्या त्याला वळसा घालून चालत होत्या. मग तिने दगडच काढून टाकला. मैदान मोकळं झालं, तरी मेंढ्यांचा वळसा काही सुटेना.

"काय बिनडोक गं! समोर काही नाही, एवढंही दिसत नाही त्यांना?"

"सवय झालीय गं त्यांना."

तेवढ्यात चार वाजले. सासूबाईंची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. सहा वर्षं हेच चाललेलं. "उठा बाई, सुटका नाही," असं पुटपुटत मी पावडरचा डबा उचलला आणि आतल्या खोलीत गेले.

कॉटवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. सासूबाईंना जाऊन महिना उलटला होता.



डबा तसाच हातात घेऊन बाहेर आले, तर लेक मेंढ्यांचा दगड परत जागेवर ठेवत होती.