पांढरे बाण

"काका, एकटेच? वाट चुकाल हं! दगडांवरचे पांढरे बाण बघत या," म्हणत ती पोरगी तिच्या टोळक्यामागे पळाली.

बाण मीच रंगवलेत. बायको गेल्यावर रविवारी घर खायला उठायचं, म्हणून पुण्याजवळचा हा डोंगर शोधला. ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, "सकाळी चढून संध्याकाळी घरी. कोणी येतं का सोबत?" वाटही नीट सांगितली. अंगठ्यांचा पाऊस पडला. माझ्याबरोबर कुत्रंही आलं नाही.

आता माथ्यावर जत्रा भरलीय. सगळे माझ्याच वाटेने आलेत, आपापली माणसं घेऊन.

मागून त्याच पोरीची हाक आली, "काका!" घाईघाईने दोघांपुरता डबा उघडला, थालीपीठ पुढे केलं.

"जरा तिकडे बसता? फोटोत येताय."