क्लोरीनचा वास

हेतलबेनच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलवर आपोआप क्लोरीन सोडणारं मशीन बसवायला डहाणूहून नितीन आला होता.

"आमचा माळी काळू हाताने ओततो, आणि जास्तच ओततो," त्या कुरकुरल्या. "रोज सकाळी नुसता वास मारतो."

नितीनने मशीन पाइपाला जोडलं, पाणी तपासलं आणि तो हसला. "काळूकाका उगाच बोलणी खातात, बेन. क्लोरीन उलट कमी पडतंय. हा वास माणसांमुळे येतो. कोणी पोहलं की अंगाचा घाम क्लोरीनमध्ये मिसळतो, त्याचा. सकाळी कोण उतरतं?"

उतरायचे ते हेतलबेनचे यजमान, जतीनभाई. उजाडलं की आधी पाण्यात, मग चहा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून पाण्याला कोणाचा पायही लागला नव्हता.

"कोणी नाही," हेतलबेन म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मशीन चालू केलं की वास जाईल?"

"उद्या सकाळी नावालाही राहणार नाही."

त्यांनी बटणाकडे गेलेला त्याचा हात धरला.

"राहू दे, भाई. काढून ने ते."