मागची सीट

"कापड घ्या, रेक्झीन उन्हात तापतं," नसीमाने धनराजला सांगितलं. सोलापुरात वीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवणारी ही बाई गिऱ्हाइकाला खोटं सांगत नसे. "कापडाचे आठ हजार, रेक्झीनचे पाच."

"पैशाचं काही नाही हो ताई. मागं आई बसते. डायलिसिसहून येताना तिला उलटी होते. सीट पुसता आली पाहिजे. डाग राहिला की ती दिवसभर ओशाळते."

नसीमाने रेक्झीनच कापलं, आत जाड फोम घातला आणि वरून घालायला, काढून धुता येतील अशी दोन सुती आवरणं शिवली.

चार दिवसांनी धनराजचा फोन आला. "ताई, आज आई वाटेत झोपली. घर आलं तरी उठवावंसं वाटेना. दारातच सावलीला गाडी लावून बसलोय."