बुवा ऑफ आहेत

"‘झाले’ नाही आत्या, ‘आहेत’ म्हणायचं," रितिका हळूच म्हणाली. "बुवा ऑफ आहेत. म्हणून पाहा."

"बुवा ऑफ आहेत," शामलाबाई म्हणाल्या.

धंतोलीतल्या दवाखान्याच्या जिन्यापाशी दोघी उभ्या होत्या. आत खोलीत शामलाबाईंचे थोरले भाऊ बापूजी पडून होते. रितिका त्यांची सून, जरीपटक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची.

"माणूस सुट्टीवर असला तरी ऑफ. पंखा बंद असला तरी ऑफ. मन लागत नसलं, तर मूड ऑफ. अन् आपल्याकडचे पोट्टे तर कोणी वारलं तरी म्हणतात, ऑफ झाला. बाबा सुट्टी समजतील. तुम्हालाही खोटं बोलावं लागणार नाही."

"अन् ‘झाले’ म्हटलं तं?"

"तर त्यांना कळेल."

मार्तंडबुवा परवा पहाटे झोपेतच गेले होते. बापूजींना हे कळू द्यायचं नव्हतं. ऑपरेशन आजच व्हायला हवं, आणि हे हृदय आता एकही धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बापूजी मात्र हटून बसले होते. बुवा भेटून गेल्याशिवाय ते आत जाणार नव्हते.

बुवा गावाला गेलेत असं सांगा, असं रितिकाचा नवरा स्वानंद म्हणाला होता. शामलाबाईंनी मान डोलावली नाही. ज्या जिभेवर नाम ठेवायचं तिथं खोट्याला बिऱ्हाड देऊ नये, हे बुवांचंच सांगणं. त्यांच्याच मरणाबद्दल खोटं बोलायला ती जीभ वळेना. म्हणून मग रितिकानं हा शब्द शोधला.

दारापर्यंत जाताना शामलाबाई तो नामासारखा पुटपुटत होत्या. ऑफ आहेत. ऑफ आहेत.

बापूजी जागेच होते. हाताची बोटं चादरीवर हलत होती. बुवांच्या कीर्तनाला त्यांनी उभा जन्म पेटीची साथ केली होती. उत्तररंगात बुवा बोलता बोलता थांबत, डोळे मिटत. सगळं देऊळ गप्प होई आणि बापूजींचा एक सूर तेवढा तेवत राही. लोक म्हणत, त्या सुरातच देव येऊन उभा राहतो.

"शामला, बुवा काहून नाही आले वं?"

"बुवा ऑफ आहेत, दादा."

बापूजींनी मान वळवली. "ऑफ? कीर्तनकार कधीपासून ऑफ घ्याले लागला? बँकेत लागले काय?"

"घेतला. जन्मभर नव्हता घेतला."

"किती दिवसाचा?"

"त्याईनं सांगितलं नाही."

"मंग फोन लाव."

"फोनही ऑफ आहे."

बापूजी हसले. मग हसू हळूहळू ओसरलं.

"मूड ऑफ असंल त्यायचा. मले नको शिकवू. भर गजरात सूर सोडला मी. बुवा हात वर करून उभे, लोकं टाळ्या वाजवून राहिले, अन् मी पेटीवर आडवा. त्यायचा गजर असा कधी तुटला नव्हता. रागावले ते माझ्यावर."

"नाही रागावले."

"तुले काय मालूम?"

"मी तिथंच होती. त्या रात्री ते जेवले नाही. देवापुढं बसून राहिले. म्हणे, माझ्या पेटीवाल्याले सांभाळ."

बापूजींच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "असं म्हणे?"

"असंच."

सिस्टर डोकावून गेल्या. स्ट्रेचर बाहेर येऊन थांबलं होतं. बापूजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आता काय करून राहिले ते?"

"शांत आहेत."

"मंग थोड्या वेळानं येतीन. मी वाट पाहातो. डॉक्टरले सांग, उद्या करू."

"दादा, ते नाही येणार."

"काहून?"

"बुवा ऑफ झा..." शामलाबाईंनी पदर तोंडावर धरला, खोकल्या. रितिका दारात गोठून उभी होती. "ऑफ आहेत म्हटलं ना, दादा. तू लहान पोरासारखा तेच तेच काहून विचारून राहिला?"

बापूजी बराच वेळ बहिणीकडे बघत राहिले. शामलाबाईंनी नजर हलवली नाही.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "त्यायले विसावा पाहिजेच होता. गळा बसून राहिला होता त्यायचा. मीच म्हणत होतो, थांबा थोडे. माझं कोण ऐकते." त्यांनी दाराकडे हात केला. "बोलाव त्या स्ट्रेचरवाल्याले. पण बुवाले एक सांगजो. पुढच्या कीर्तनाले पेटीवर दुसऱ्या कोणाले बसवायचं नाही."

"नाही बसवणार ते."

"सांगशील ना?"

"सांगते."

स्ट्रेचर हललं. बापूजींनी डोळे मिटले. चादरीखाली त्यांची बोटं पुन्हा हलायला लागली आणि ओठांवर गजर आला, आवाज नसलेला. शामलाबाई ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत त्यांच्या पायाला हात लावून चालत गेल्या. दार मिटलं. वरचा लाल दिवा लागला.

"आत्या, जमलं," रितिका म्हणाली.

शामलाबाई कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या. नखानं कपाळावरची टिकली काढली. हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि सगळं रितिकाच्या ओंजळीत ठेवलं.

"दादा शुद्धीवर आला का पुन्हा घालून देजो," त्या म्हणाल्या. "तोवर घरी जाऊन येते. लोकं मले भेटायले येऊन बसले असतीन."